शनिवारची संध्याकाळ: कोकणातल्या ख्रिस्ती घरात विसावा कसा आणायचा

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या ख्रिस्ती घरात काय चाललेलं असतं ते पाहा. मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून सगळे घरी आलेत. पुरुष मंडळी पडवीत मोबाइल घेऊन बसलीत, मुलं टीव्हीपुढे. घरातली बाई मात्र चर्चचे कपडे बदलून तडक स्वयंपाकघरात गेली आहे. आडाळ्यावर बसून नारळ खवते आहे, बाजूला टोपात मीठ लावलेले बांगडे, गॅसवर भाताचं आधण. जेवणं व्हायला दोन वाजतात, भांडी निघायला तीन. चारला कुणीतरी चहाला येतं. सहा वाजता मुलांचे गणवेश इस्त्रीला निघतात. रात्री सगळे म्हणतात, आज सुट्टी होती.

बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी चौथी (काही मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, मोजणीत ती तिसरी धरतात) कुणाला विसावा द्यायचा याची यादीच देते: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरी. यादीत बायकोचं नाव वेगळं नाही म्हणून ती त्यातून सुटली, असं कुणी समजू नये. ‘तू’ या शब्दात नवरा-बायको दोघंही आली. हीच आज्ञा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात पुन्हा येते तेव्हा कारणही स्पष्ट सांगितलं आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण मिसर देशात तूही दास होतास. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच मापाने मोजली आहे. घरातलं काम शेवटी ज्याच्या अंगावर येऊन पडतं, त्या माणसाला विसावा मिळाला का? मिळाला नसेल, तर बाकीच्यांनी घेतलेली विश्रांती त्याच्या जिवावर घेतलेली आहे.

आधी आठवडा लिहून काढा

सलग सात दिवस एक वही स्वयंपाकघरात ठेवा, मोबाइलमध्ये नको. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने दिवसातून तीनदा, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी आणि झोपताना, मधल्या वेळात काय केलं ते दोन-तीन ओळींत लिहायचं. अर्ध्या तासाहून बारीक हिशेब नको. नळाला पाणी येण्याची वाट बघणं, वसईहून लोकलने चर्चगेटला जाणं-येणं, गुरांचं करणं, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं, फोनवर गेलेला वेळ, चर्चच्या बैठका, सगळं त्यात आलं पाहिजे. लोक चर्चचं काम लिहीत नाहीत, कारण ते काम वाटत नाही. गायनमंडळाचा सराव, लहान ख्रिस्ती समूहाची सभा, फेस्ताची (चर्चच्या सणाची) वर्गणी, नोव्हेनाची (नऊ दिवसांच्या प्रार्थनेची) सजावट यांत आठवड्याचे किती तास जातात ते एकदा आकड्यात दिसू द्या.

आठवडा संपला की प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. पोटापाण्यासाठी केलं तर ‘पो’, माणसांसाठी केलं तर ‘मा’, आणि ‘नाही केलं तर लोक काय म्हणतील’ या भीतीने केलं तर ‘भी’. आठवड्याचे तास 168. त्यांतून झोप आणि ‘पो’ वजा केल्यावर उरलेल्यांत ‘भी’ किती आहेत ते मोजा. कापायचं ते इथूनच कापायचं. बहुतेक घरं आधी झोप कापतात, मग प्रार्थना, मग मुलांशी बोलणं. ‘भी’ला कुणी हात लावत नाही.

आणखी एक मोजणी करा. त्या आठवड्यात कोण सर्वांत शेवटी झोपलं आणि सर्वांत आधी उठलं? दोन्ही ठिकाणी एकच नाव येत असेल, तर पुढची सगळी आखणी त्या माणसापासून सुरू करा.

दिवस कुठला धरायचा

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ असा दिवस मोजला आहे. संध्याकाळ आधी येते. म्हणजे माणसाचा दिवस झोपेने सुरू होतो आणि काम नंतर येतं. व्यवहारातही हे फार उपयोगी पडतं. रविवारी सकाळी सुरू केलेली विश्रांती दुपारीच संपते, कारण दुपारनंतर डोक्यात सोमवार शिरतो. शनिवारी संध्याकाळी सातला सुरू करून रविवारी संध्याकाळी सातला सोडलं, तर पूर्ण 24 तास हाती लागतात आणि सोमवारच्या डब्याची तयारी रविवारी रात्री बिनबोभाट करता येते.

पण कोकणात सगळ्यांना रविवार जमत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. मासळी बाजारात रविवार हा विक्रीचा मोठा दिवस. तारकर्लीकडे घरगुती निवास चालवणाऱ्यांकडे शनिवार-रविवारीच पाहुणे असतात. एसटीचा चालक आणि इस्पितळातली परिचारिका पाळीप्रमाणे चालतात. अशांनी रविवारची उपासना सोडू नये, पण विसाव्याचे 24 तास दुसरीकडे धरावेत. मासळीवालीला सोमवार बरा पडतो, कारण सोमवारी पुष्कळ गिऱ्हाइकं मासे खात नाहीत. पाहुणे ठेवणाऱ्यांनी सोमवार संध्याकाळ ते मंगळवार संध्याकाळ ही वेळ बुकिंगमधूनच बंद करून टाकावी. ‘कोणी आलं नाही तर विश्रांती घेऊ’ म्हटलं की हटकून कोणीतरी येतं. कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते (1983च्या धर्मसंहितेतला नियम 1248), त्यामुळे रविवारी पहाटे बंदरावर जाणाऱ्यालाही वाट मोकळी आहे. एकदा दिवस ठरला की निदान तीन महिने बदलू नका. दर आठवड्याला सोयीने सरकणारा दिवस चौथ्या आठवड्यात गायब होतो.

ज्यांना 24 तास अजिबात शक्य नाहीत त्यांनी सहा तासांनी सुरुवात करावी, शनिवारी रात्री आठ ते दोन अशी नव्हे, तर जागेपणीचे सहा तास.

इथे एक गोष्ट आठवणीत असावी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून लढा दिला तेव्हा. त्या गिरण्यांत रत्नागिरीकडची माणसं मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या हातात स्वतःची वेळ नव्हती त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी भांडून मिळवलेला हा दिवस आहे.

लावणी, कापणी आणि बंदी

‘हंगामात कसला विसावा?’ हा प्रश्न कोकणात हमखास येतो. शास्त्रात त्याचं थेट उत्तर आहे आणि ते फारसं कुणी वाचलेलं नसतं. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात (34:21) मोशेने दिलेला नियम सांगतो की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबायचं. गंमत म्हणजे 321 साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी शहरातली कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून मोकळीक दिली होती. मोशेचा नियम सम्राटाच्या हुकमापेक्षा कडक आहे, आणि शेतावर राबणाऱ्याच्या बाजूचाही.

व्यवहारात असं पाहा. तरवा (भाताची रोपं) साधारण तीन आठवड्यांचा झाला की लावणीला येतो. रविवारऐवजी सोमवारी लावला म्हणून पीक जात नाही. तोटा होतो तो पैरा (घरांनी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने काम करणं) आणि मजूर मिळण्याच्या घोळामुळे, म्हणून पैऱ्यातल्या घरांशी आषाढ लागण्याआधीच बोलून घ्या: आमच्याकडे रविवारी लावणी नाही, त्याबदली आम्ही तुमच्याकडे शनिवारी एक माणूस जास्त देऊ. ऐन दिवशी सांगितलं तर वाईटपणा येतो. आधी सांगितलं तर बहुतेक शेजारी समजून घेतात.

ऑक्टोबरात कापलेलं भात शेतात आडवं पडलंय आणि आभाळ भरून आलंय, तर रविवार असला तरी उठा आणि भात उचला. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ (विसाव्याच्या) दिवशी काढणार नाही का, असं येशूनेच विचारलं आहे (लूक 14:5). कसोटी सोपी आहे: उद्यावर ढकललं तर जीव, जनावर किंवा वर्षाचं अन्न जाणार आहे का? जाणार असेल तर करा, आणि बुधवारी अर्धा दिवस भरून काढा. मात्र दर रविवारी बैल विहिरीत पडायला लागला, तर विहिरीला कठडा बांधायची वेळ झाली असं समजा.

मच्छीमारांचं गणित वेगळं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र ही त्याची कारणं. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, म्हणून बाहेरच्याला वाटतं की हे दोन महिने आराम. प्रत्यक्षात जाळी दुरुस्त करणं, इंजिन खोलणं, कर्जाचे हप्ते आणि घरात रोखीचा दुष्काळ यांत ते दिवस जास्त काळजीचे जातात. बंदीत हात रिकामे असले तरी मन थांबत नाही. म्हणून या काळात उलट नियम पाळा: सहा दिवस जाळ्याचं काम ठरलेल्या वेळेत, सकाळी आठ ते बारा, करा आणि सातव्या दिवशी जाळ्याला हातही लावू नका. काम थोडं असलं तरी त्याला हद्द हवी.

शनिवार: खरी मेहनत इथे

निर्गमाच्या 16व्या अध्यायात रानात देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोज माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप) मिळत असे, सहाव्या दिवशी दोन ओमर. शिवाय सांगितलं होतं की भाजायचं ते आजच भाजा, उकडायचं ते आजच उकडा. विसावा आदल्या दिवशीच्या जास्तीच्या कामातून येतो, हे त्यात स्पष्ट आहे. हे जास्तीचं काम घरातल्या सगळ्यांत वाटलं नाही, तर बाईचा रविवार फक्त शनिवारवर सरकतो. म्हणून कामं नावानिशी वाटा आणि कागदावर लिहून दारामागे लावा.

पाच माणसांच्या घराचा एक नमुना घ्या.

सकाळी बाजार. घरात फ्रिज असेल तर सहा-सात मध्यम बांगडे आणा आणि तिरफळ, सोलं घालून, खोबरं न घालता घट्ट तिखलं करा. खोबऱ्याचं वाटप घातलेली आमटी इथल्या दमट हवेत सकाळपर्यंत आंबते. तिखलं टिकतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. बांगडा घरी आल्यावर तासाभरात साफ करून शिजवा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात जो दोष तयार होतो तो उकळून जात नाही, अंगावर गांध्या उठतात. शिजल्यावर निवू द्या, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, उष्टा डाव घालू नका. वसईकडच्या घरात याच कामाला व्हिनेगर घातलेलं इंद्याल येतं. फ्रिज नसेल किंवा पावसात दोन-दोन दिवस वीज जात असेल तर माशाच्या वाटेला जाऊ नका: कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका जवळा. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण तयार, आणि घरातला कुठलाही मुलगा ते करू शकतो.

भात आदल्या दिवशी करून बाहेर ठेवू नका. एका जेवणाला पाच माणसांना अर्धा किलो तांदूळ या हिशेबाने दोन डब्यांत मोजून ठेवा. मोजलेलं असलं की रविवारी फक्त धुऊन गॅसवर चढवायचं उरतं, आणि ते कोण करणार याचं नाव कागदावर असतं.

दुपारी पाणी भरणं, गुरांची वैरण दोन वेळची कापून गोठ्याशी आणून ठेवणं, चर्चचे कपडे आणि सोमवारचे गणवेश एकाच वेळी इस्त्री. गणवेश शनिवारी झाले तर रविवारची संध्याकाळ वाचते.

चार-पाचच्या सुमारास पैशाचं काम. घरी किंवा बागेत कुणी मजुरीला असेल तर त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत हातात द्या; अनुवाद 24:15 मध्ये ही आज्ञाच आहे. आंब्याच्या दिवसांत झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) आंबे काढणारा आणि पेट्या भरणारा माणूस ‘सोमवारी बघू’ ऐकून घरी गेला, तर तुमचा विसावा त्याच्या उपाशी रविवारवर उभा आहे.

सहा वाजता फोन. गिऱ्हाइकांना, ग्रुपवर, नातेवाइकांना एकच निरोप पाठवा: ‘उद्या संध्याकाळी सातपर्यंत फोन बघणार नाही. तातडीचं असेल तर घरच्या दुसऱ्या नंबरवर दोनदा रिंग करा.’ दुसरा नंबर साध्या बटणांच्या फोनचा असावा. तो फोन दारापाशी ठेवायचा, बाकीचे सगळे बंद करून एका डब्यात. खिशात ठेवून ‘बघणार नाही’ म्हणणं दहा मिनिटंही टिकत नाही.

बायबलमधल्या नहेम्या या अधिकाऱ्याने यरुशलेमेत नेमकं हेच केलं होतं. सोर गावचे मासळीविके शब्बाथ दिवशी वेशीत मासळी आणून विकत. शब्बाथापूर्वी अंधार पडू लागताच त्याने वेशी लावून घेतल्या (नहेम्या 13:16-19). त्याने लोकांच्या मनोनिग्रहावर भिस्त ठेवली नाही, दार लावलं.

सात वाजता: दहा मिनिटांची सुरुवात

आल्तारापाशी (घरातल्या वेदीपाशी) किंवा नुसत्या टेबलाशी सगळे बसा. मेणबत्ती लावा, एक मिनिट गप्प राहा. घरातल्या सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलाने मत्तय 11:28-30 मोठ्याने वाचावं: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ पुढच्या ओळींत येशू जू घ्यायला सांगतो. ज्यांनी जोत पाहिलं आहे त्यांना ‘माझे जू सोयीचे’ या शब्दांची किंमत कळेल. जू नीट बसलं नाही की बैलाचा खांदा सोलवटतो, बैल तोच आणि शेत तेच असलं तरी. जू दोघांच्या खांद्यावर असतं, हेही लक्षात घ्या.

मग प्रत्येकाने आपल्या डोक्यावरचं एक ओझं एका वाक्यात सांगायचं. बाकीच्यांनी त्यावर बोलायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. हा नियम मोडला की प्रार्थनेचं रूपांतर पैशांच्या वादात होतं, आणि दुसऱ्या शनिवारी नवरा किंवा मुलगा सबब सांगून बाहेर पडतो. शेवटी अर्धवट राहिलेल्या कामांची यादी एका कागदावर लिहा, घडी करून बायबलमध्ये ठेवा, ‘हे आमच्या बापा’ म्हणा आणि जेवायला बसा. कागदावर उतरलेलं काम मन धरून ठेवत नाही. न उतरलेलं रात्री दोन वाजता उठवतं.

झोप हीच पहिली उपासना

एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (1 राजे 19:4-8). होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतरचं आहे. दमलेल्या माणसाची प्रार्थना कोरडी पडते तेव्हा आपला विश्वास कमी झाला असं तो समजतो. आधी सलग तीन रात्री नीट झोपून पाहा.

शनिवारी रात्री दहाला दिवे मालवा, आठ तास द्या. सकाळच्या सातच्या मिस्सेला जाताना धावपळ होत असेल तर दुसरी मिस्सा निवडा. रविवारी दुपारी जेवणानंतर तासभर आडवं पडा, पण त्याहून जास्त नको; तीन तास झोपलं की रात्रीची झोप बिघडते आणि सोमवार जड जातो. येशू वादळात होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपला होता (मार्क 4:38). हेलकावणाऱ्या होडीत झोप लागायला माणूस किती दमलेला लागतो, ते खलाशांना विचारा.

रविवार मोकळा कसा राहील

रविवारी करायच्या गोष्टींची यादी करू नका. मिस्सा किंवा उपासना, एकत्र जेवण, झोप, आणि एक तास पूर्ण रिकामा, एवढं पुरे. जेवणानंतरची भांडी पुरुषांनी आणि मुलांनी घासायची. हे ‘मदत’ म्हणून नको, कागदावर नाव लिहून. पहिले दोन रविवार भांडी नीट निघणार नाहीत. ती पुन्हा घासायला बाईने उठू नये.

येशू घरी आला तेव्हा मार्था कामात होती आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत होती, ही गोष्ट इथे फार वाईट वापरली जाते. ‘मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस’ हे वाक्य प्रवचनात ऐकवायचं आणि घरी येऊन जेवायला पाट मागायचा, हा अन्याय आहे. मार्थेची तक्रार नीट वाचा: बहिणीने मला एकटीला कामात टाकलं. येशूने मरीयेला उठवलं नाही, मग मार्थेने बसावं यासाठी जेवण साधं करणं एवढाच मार्ग उरतो. रविवारी एकच कालवण आणि भात. चार पदार्थ हवे असतील तर नाताळात आणि फेस्ताला.

रिकाम्या तासात काय करायचं? एकट्याने किनाऱ्यावर किंवा माडांखाली वीस मिनिटं बसा आणि मार्क 6:30-32 एवढाच उतारा हळू चार वेळा वाचा. पहिल्यांदा नुसता वाचा. दुसऱ्यांदा जो शब्द अडकतो तिथे थांबा. तिसऱ्यांदा त्या शब्दाबद्दल देवाशी बोला. चौथ्यांदा वाचून गप्प बसा. त्या उताऱ्यात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून येशू त्यांना होडीतून एकांतात घेऊन गेला. पुढच्याच ओळीत लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तिथे पोचले. म्हणजे शिष्यांना विसावा मिळाला तो होडीतल्या प्रवासापुरता. तुमच्याकडेही अचानक चाकरमानी नातेवाईक येतील. त्यांना दारातून परत पाठवू नका. पिठी-भात वाढा, त्यांनाही बसवा आणि सांगा की आज आमच्याकडे कुणी काम करत नाही. पाहुण्यांमुळे दिवस मोडत नाही, पाहुण्यांसाठी मांडलेल्या थाटामुळे मोडतो.

मंडळीच्या कामाला ‘नाही’ म्हणणं

मोशेचा सासरा इथ्रो याने मोशेला लोकांचा न्याय करत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेला पाहिला आणि सांगितलं, तू थकून जाशील आणि लोकही थकतील; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम (निर्गम 18). आपल्या मंडळ्यांत उलट होतं. जो एक काम नीट करतो त्याच्याकडे आणखी तीन येतात. एका माणसाकडे एका वर्षी एकच जबाबदारी, हा नियम सभेत मांडा. स्वतःपुरता तर आजच सुरू करा.

नकार छोटा असावा, सबब नको. ‘यंदा मी फेस्ताच्या जेवणाचं बघते, वर्गणीचं दुसऱ्या कुणाला द्या.’ किंवा सरळ मालवणीत: ‘ह्या वर्साक माका जमाचा नाय.’ लांबलचक कारणं दिली की समोरचा प्रत्येक कारणावर तोडगा काढतो आणि शेवटी तुम्ही होकार देता. फादर किंवा पाळकांना नकार देताना जीभ अडते. त्यांना आधी भेटून सांगा, सभेत नको.

आठवड्याच्या मधले दिवस

चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाजते. बायबलमधला दानीएलही दिवसातून तीनदा प्रार्थनेला गुडघे टेकत असे. घंटा ऐकू आली की हातातलं काम दोन मिनिटं खाली ठेवा. घंटा ऐकू येत नसेल तर फोनवर बाराचा गजर लावा. रात्री झोपताना पाच मिनिटं: आज कशासाठी आभार मानायचे, कुठे चुकलं, उद्याचं एक काम कुठलं. एवढ्यावर सहा दिवस तग धरतात.

काय बिघडतं

पहिले तीन आठवडे चिडचिड होते. हात फोनकडे जातो, बसलं की अपराधी वाटतं. काहींना शांततेत जुनं दुःख वर येतं, गेलेलं माणूस आठवतं. ते बिघाडाचं लक्षण नाही. घाईने दाबून ठेवलेलं बाहेर येतं. कुणाशी तरी बोला.

दुसरा बिघाड म्हणजे नियमांचा काच. मुलाने फोन घेतला म्हणून रविवारी घरात आरडाओरडा झाला, तर फोन घेतल्यापेक्षा जास्त नुकसान झालं. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही.

तिसरा: थकवा विश्रांतीने जातच नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, जगण्यात राम वाटत नसेल, किंवा भरपूर झोपूनही अंगात त्राण नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र आणि मोफत चालतो. प्रार्थना सोबत चालू द्या, औषधाऐवजी नको.

चौथा बिघाड सर्वांत अवघड, कारण तो एका घराने सुटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी सून, मतिमंद मुलाची आई, रोजंदारीवर जगणारा माणूस यांना वरची एकही पायरी एकट्याने जमणार नाही. त्यांना विसाव्याचं प्रवचन देऊ नका, पाळी लावा. जवळची चार घरं एकत्र करा. प्रत्येक घराने महिन्यातून एक रविवार, दुपारी दोन ते पाच, त्या घरी जाऊन बसायचं. महिन्याचे चार रविवार भरतात. पाचवा रविवार आला तर तो फादर किंवा पाळकांना द्या. एका पुठ्ठ्यावर औषधांच्या वेळा, काय खायला चालतं, शौचाला कसं न्यायचं, आजारी माणूस कशाला घाबरतो आणि डॉक्टरांचा नंबर लिहून खाटेशी टांगा. पहिल्या वेळी सुनेने अर्धा तास सोबत थांबून सगळं दाखवावं, मग तिने घराबाहेर पडावं. घरात राहिली तर ती काम करतच राहते. तिला तीन तास कुठे जायचं असेल ते तिने ठरवावं. बहुतेकींना पहिल्या खेपेला नुसतं झोपायचं असतं. त्यासाठी शेजारच्या घरातली एक खोली आणि पंखा मोकळा ठेवा.

रोजंदारीवाल्यासाठी मंडळीने दानपेटीतून महिन्यातल्या एका दिवसाची मजुरी बाजूला काढावी आणि ती शनिवारी संध्याकाळी, कुणाला न दिसेल अशी, त्याच्या हातात पोचवावी.

रविवारी सात वाजता बायबलमधला कागद काढा. यादीतली दोन-तीन कामं आता करण्यासारखी उरलेली नसतात; ती खोडा. उरलेल्यांपुढे नावं लिहा, आणि शेवटी झोपणाऱ्या माणसाचं नाव या वेळी सर्वांत कमी वेळा आलं आहे ना, ते पाहा.